पारणं नसलेले उपवास

संयमाने मन शांत होतं असं सांगणाऱ्यांनी संयम पाळणाऱ्याच्या घरच्यांशी कधी बोलून पाहिलेलं दिसत नाही. साखर सोडलेला गृहस्थ नवी मुंबईतल्या खारघरच्या सेंट्रल पार्कात सकाळी चालताना पाहावा. पाय झपाझप पडत असतात, मनगटावरचं घड्याळ पावलं मोजत असतं आणि चेहऱ्यावर शांती सोडून बाकी सगळं असतं. पुढे रमतगमत चाललेल्या जोडप्याचा त्याला राग येतो, बाकावर बसून खिदळणाऱ्या आजोबांचा राग येतो, आणि बाहेर कुणी वडापावाचा पहिला घास घेताना दिसला की त्या अनोळखी माणसाच्या कोलेस्टेरॉलची त्याला एकदम काळजी वाटू लागते. ती काळजी नसते, हेवा असतो. मग हेव्याच्या जागी अभिमान येतो: आपण नाही खाल्ला! अभिमानामागून हिशेब येतो: चार फेऱ्या झाल्या, नाश्ता टाळला, म्हणजे दुपारची अर्धी जिलबी न्यायाने आपलीच. चिडचिड, हेवा, अभिमान आणि हिशेब अशी ही संयमाची चौकडी आहे. ती संयमाच्या पोटी जन्मते हे खरं, पण तिला पोसतो तो संयमाचा बेमुदतपणा, असं माझं म्हणणं आहे. नकार माणसाला सोसतो. तो कधी संपणार हे ठाऊक नसणं सोसत नाही. आपल्या पूर्वजांना हे कळलं होतं, म्हणून त्यांनी प्रत्येक उपवासाला पारणं जोडलं. आपण उपवास वाढवले आणि पारणी काढून टाकली.

चौकडीतल्या रागाचा पुरावा आधी पाहू, कारण तो सगळ्यांत जास्त नाकारला जातो. ‘मी चिडलेलो नाही’ हे वाक्य डाएटवरचा माणूस ज्या आवाजात म्हणतो, तो आवाजच खरं तर पुरेसा आहे. पण संशोधन हवं असेल तर तेही झालेलं आहे. डेव्हिड गाल आणि वेंडी लिऊ या दोन अमेरिकी संशोधकांनी 2011 मध्ये या विषयावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. चॉकलेट समोर असताना ज्यांनी शहाण्यासारखं सफरचंद निवडलं, त्यांचा कल नंतर सिनेमा निवडताना रागाच्या कथांकडे जास्त झुकला. दुसऱ्या कुणी त्यांच्या वागण्याला वळण लावू पाहिलं की तेही त्यांना जास्त खटकलं. म्हणजे सफरचंद पोटात गेलं, तरी मनात हाणामारीच सुरू होती. भगवद्गीतेने हे दुसऱ्या अध्यायातच सांगून ठेवलं आहे. आहार सोडला तरी चव मागे उरतेच, असं एक श्लोक म्हणतो. आणि पुढे दोनतीन श्लोकांतच विषयांच्या चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम आणि कामातून क्रोध, असा जिना उतरवून दाखवला आहे. सारखं बासुंदीचं चिंतन करत बासुंदी नाकारणारा माणूस या जिन्याच्या कोणत्या पायरीवर उभा असतो, ते घरच्यांना न सांगता समजतं. पुराणांतही सगळ्यांत मोठे तपस्वी सगळ्यांत तापट आहेत, हा योगायोग नव्हे. दुर्वासांच्या आश्रमात मिठाई ठेवली असती, तर किती शाप वाचले असते कोण जाणे.

यावर कुणी म्हणेल, हा राग कसला, थकवा आहे. मनाची ताकद संपली की माणूस चिडतो. हा विचार बराच काळ जोरात होता. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ताज्या बिस्किटांचा घमघमाट सुटलेल्या खोलीत काही जणांना बिस्किटं दिली, काहींना फक्त मुळा. नंतर सगळ्यांना न सुटणारं कोडं घातलं, तेव्हा मुळेवाल्यांनी लवकर हात टेकले. त्यावरून निष्कर्ष निघाला की संयमाचा साठा मर्यादित असतो आणि वापरला की आटतो. पण 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांहून जास्त लोकांवर, अशाच आटण्याची पुन्हा तपासणी केली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तेव्हा संध्याकाळी घरी येऊन मुलांवर ओरडणाऱ्या उपवासकऱ्याला थकव्याची सबब आता पूर्वीइतकी सहज मिळणार नाही. शिवाय 1998 मधल्या त्या मुळा खाणाऱ्यांनी कोडं सोडलं ते थकून की वैतागून, हे कुणाही मराठी माणसाला विचारा. घरात बिस्किटांचा वास सुटलेला असताना ज्याच्या ताटात मुळा पडतो, त्याने दमावं अशी अपेक्षा आपण तरी करत नाही.

अभिमानाचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे, कारण ही भावना उपयोगी आहे. व्हॅनेसा पॅट्रिक आणि सहकाऱ्यांच्या 2009 मधल्या अभ्यासात, समोरचा केक न खाल्ल्यावर आपल्याला किती अभिमान वाटेल याचा विचार करणाऱ्यांनी, खाल्ल्यावर किती लाज वाटेल याचा विचार करणाऱ्यांपेक्षा कमी केक खाल्ला. म्हणजे लाज घालून कुणी सुधारत नाही, छाती फुगवून सुधारतो. अडचण अशी, की फुगलेल्या छातीला प्रेक्षक लागतो. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात प्रत्येक कुटुंबाची दोन पक्षांत फाळणी झाली होती, ती आठवावी. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितलेला मार्ग म्हणजे दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत उरकायचं. ऋजुता दिवेकरांचा मार्ग म्हणजे दिवसभर थोडं थोडं, घरचं, तूप न टाळता. आरोग्याला कोणता मार्ग बरा ते वैद्यकाने ठरवावं. आपला प्रश्न भावनांचा आहे. लग्नाच्या पंगतीत दीक्षितपंथी पाहुणा ‘मी दोनदाच’ हे वाढप्याला सांगत नसे, पंगतीला सांगत असे. शेजारी दिवेकरपंथी मावशी पर्समधून शेंगदाणे काढून तितक्याच जाहीरपणे खात. एकमेकांकडे पाहताना दोघांच्या डोळ्यांत जी दया असे, ती ग्रंथांतल्या संतांनाही साधली नसेल. आणि 53व्या मिनिटाला भूक नसतानाही तिसरी पोळी मागून घेणारा माणूस पाहिला की कळत असे, संयमात सगळ्यांत जोरकस भावना दार बंद होण्याची भीती हीच आहे. ते दार तरी दिवसातून दोनदा उघडत होतं, हे त्या पद्धतीच्या लोकप्रियतेचं एक कारण असणार. नुसतं ‘कमी खा’ म्हणणारे डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या होते. त्यांच्यावरून कुणाच्या घरात पक्ष पडले नाहीत.

आता पूर्वजांची व्यवस्था पाहा. संकष्टीचा उपवास चंद्रोदयाला सुटतो आणि ती वेळ भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये तास-मिनिटांसकट छापलेली असते. पावसाळ्यात खारघरच्या आकाशात चंद्र दिसण्याची शक्यता कमी, आणि ढग नसले तर टॉवर असतात; पण कुणाचं मोदकांचं ताट त्यामुळे अडलेलं नाही. छापलेली वेळ झाली की चंद्र उगवला, असं घराघरात एकमताने मान्य होतं. चातुर्मासात कांदा सोडायचा, तर आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून भजी, थालीपीठ, झुणका असा त्याला रीतसर निरोप द्यायचा आणि कार्तिकात पुन्हा भेटायचं. श्रावणाआधीची गटारी ही तर निरोपसमारंभाची पराकाष्ठा. तिथे निरोप घेणाऱ्यालाच उचलून घरी न्यावं लागतं. या सगळ्यात नकाराला सुरुवात आहे, शेवट आहे आणि दोन्ही टोकांना खाणं आहे. आणखी एक बारकावा असा, की हा संयम सगळे एकाच दिवशी पाळतात. गल्लीतल्या प्रत्येक घरी साबुदाणा भिजलेला असला की उपवासाचं कौतुक कुणी कुणाला सांगायचं? प्रेक्षकच उपाशी असल्यामुळे अभिमान आपोआप आवाक्यात राहतो आणि समोर कुणी खात नसल्यामुळे हेव्यालाही काम उरत नाही.

भागवतातली अंबरीष राजाची कथा याच मुद्द्याची आहे, असं मला वाटतं. राजाने वर्षभर एकादशीचं व्रत केलं. द्वादशीला पारणं करायच्या वेळी दुर्वास पाहुणे म्हणून आले आणि स्नानाला म्हणून नदीवर गेले ते लवकर परतेनात. द्वादशी संपत आली. पाहुण्याआधी जेवणं हा अपमान, आणि पारण्याची वेळ चुकवणं हा व्रताचा भंग. राजाने विद्वानांना विचारून नुसतं पाणी घेतलं. दुर्वास आले, भडकले, जटेतून कृत्या ही राक्षसी काढली आणि शेवटी सुदर्शनचक्र मागे लागल्यावर त्रिभुवनात पळत सुटले. दोघेही उपाशी होते. पण ज्याला आपला उपवास कधी संपतो ते माहीत होतं, तो शांत राहिला. ज्याच्या तपाला अंतिम तारीख नव्हती, तो एका घोटावरून जग जाळायला निघाला. खारघरमध्ये 15 जानेवारी 2025 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इस्कॉनच्या मंदिराचं उद्घाटन झालं. त्या परंपरेतले लोक एकादशीइतकीच काटेकोरपणे दुसऱ्या दिवशीची पारण्याची वेळ पाळतात. उपवास सोडणं हा तिथे उपवासाचाच भाग आहे. जिममध्ये वर्षभराचे पैसे भरून फेब्रुवारीत दिसेनासे होणाऱ्यांनी यावर विचार करावा.

व्रतवैकल्यं बाजूला ठेवली तरी हेच दिसतं. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस मासेमारीबंदी असते. मासळीच्या विणीचा हंगाम आणि खवळलेला समुद्र ही त्याची कारणं. खारघरच्या इमारतींआधीपासून इथे असलेल्या आगरी गावांत आणि पनवेल-उरणच्या कोळीवाड्यांत या दोन महिन्यांत सुकट, जवळा आणि सुके बोंबील यांच्यावर भागवलं जातं. ताज्या पापलेटच्या आठवणीने कुणी व्याकूळ होत असेल. पण संतापत नाही, कारण नारळी पौर्णिमा ठरलेली असते. उलट उदाहरण 2023 चं. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि श्रावण दोन महिन्यांचा झाला. व्रतं निज श्रावणातच करायची, हे पंचांगकर्ते सांगत होते. तरी जुलैच्या मध्यापासून घराघरांत एकच प्रश्न होता, ‘अधिकात पाळायचं का?’ एरवी पंचांग न उघडणारे तरुण धर्मशास्त्राचे दाखले देऊ लागले. एका महिन्याचा संयम वर्षानुवर्षं हसत पाळणारी माणसं, शेवटची तारीख तीस दिवस पुढे सरकेल म्हटल्याबरोबर वकील झाली. कोंबडी तीच, रस्सा तोच, माणूसही तोच. फक्त तारीख हलली होती.

संयमाच्या सगळ्यांत प्रसिद्ध प्रयोगाकडेही या नजरेने पाहता येतं. वॉल्टर मिशेल यांनी साठच्या दशकाच्या शेवटी स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुलांपुढे गोड खाऊ ठेवला. आत्ता खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. काही मुलांनी डोळे झाकले, काहींनी गाणी म्हटली, काहींनी घंटा वाजवून खाऊ उचलला. पुढे या प्रयोगाचा असा गाजावाजा झाला, की चौथ्या वर्षी थांबता आलं नाही तर आयुष्य वाया गेलं, असं पालकांना वाटू लागलं. 2018 मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवरून फेरतपासणी झाली, तेव्हा तो परिणाम बराच लहान निघाला आणि घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर आणखी आक्रसला. पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच बाब. मोठा माणूस कधी परत येणार, हे त्या मुलांना सांगितलेलंच नव्हतं. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी 2013 मध्ये या प्रयोगाला एक जोड दिली. ज्या मोठ्या माणसाने आधी दिलेला शब्द पाळला होता, त्याच्यासाठी मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्याने आधी शब्द मोडला होता, त्याच्यासाठी सुमारे तीन मिनिटं. मुलांचा संयम कमीजास्त नव्हता, मोठ्यांची पत कमीजास्त होती. ‘दहावीपर्यंत कळ काढ, मग मजाच मजा’ असं सांगून बारावी, मग सीईटी, मग कॅम्पस मुलाखत पुढे ठेवणाऱ्या आईबाबांनी ही तीन मिनिटं ध्यानात ठेवावीत.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हा. तारखेचा संयम म्हणजे ढोंग. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी आणि वर श्रीखंड, यात सोडलं काय? आक्षेप वजनदार आहे, निदान खिचडीनंतर तरी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची हे चारही दक्षिण आणि मध्य अमेरिकेतून आलेले. गहू-तांदूळ वर्ज्य करून परदेशी पाहुण्यांना फराळाला बसवणारी आपली परंपरा वजन घटवण्यासाठी निघाली नव्हती, हे उघड आहे. पण तिने घरातल्या प्रत्येकाला, अगदी पोरासोरांनाही, ‘समोर आहे, चालेल, पण आज नको’ एवढं म्हणायला शिकवलं आणि ते म्हणताना आदळआपट न करायलाही शिकवलं. ही कमाई लहान नाही. उलट न संपणाऱ्या संयमाचं पुढे काय होतं, तेही पाहिलं गेलं आहे. रान किवेट्झ आणि अनात कीनन यांच्या 2006 मधल्या अभ्यासानुसार, अलीकडच्या चैनीबद्दल लोकांना पश्चात्ताप वाटतो. पण बरीच वर्षं लोटली की पश्चात्ताप उलटा होतो आणि न केलेली मजा टोचू लागते. दुप्पट खाणाऱ्याला निदान त्या टोचणीची धास्ती नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. मधुमेह द्वादशीला सुटत नाही आणि दारू सोडलेल्याला गटारी परवडत नाही. तिथे पारणं कुठून आणायचं? हे पूर्ण मान्य. पण आजन्म नकाराचा ज्यांना खरा अनुभव आहे, ते काय करतात ते पाहावं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेचा मंत्र ‘फक्त आजचा दिवस’ असा आहे. उद्याचं उद्या. आयुष्यभराचा डोंगर त्यांनी एकेका दिवसात कापून ठेवला आहे आणि प्रत्येक रात्री त्यातला एक तुकडा संपतो. व्यसनमुक्तीची वर्षं सगळ्यांसोबत साजरीही होतात. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत अशा सोबतीवर किती भर असतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. म्हणजे तारीख तिथेही आहे, ती रोजची आहे, एवढंच. घराचं कर्जसुद्धा वीस वर्षांचं असलं तरी शेवटचा हप्ता ठरलेला असतो, म्हणून माणूस फेडतो. मुदत न लिहिलेल्या कर्जावर सही करणारा खारघरमध्ये अजून जन्मायचा आहे. डाएटवर मात्र तो बिनदिक्कत सही करतो.

तिसरा आक्षेप खारघरच्याच मातीतला आहे: मोह समोरच ठेवू नये, म्हणजे तारखेची गरज नाही. खारघर दारूमुक्त राहावं, ही इथल्या रहिवाशांची पनवेल महानगरपालिका 2016 मध्ये होण्याआधीपासूनची मागणी. नव्या परवान्याची बातमी आली की विरोध उभा राहतो. या मार्गाच्या बाजूने पुरावाही आहे. विल्हेल्म हॉफमन यांनी जर्मनीत दोनशेहून अधिक लोकांच्या मोहांची दिवसभर नोंद ठेवली, तेव्हा ज्यांचा संयम मोठा समजला जातो ते लोक मोहाशी झुंजताना फारसे दिसलेच नाहीत; झुंजायची वेळच कमी येईल, असं त्यांचं जगणं होतं. मिठाईच्या दुकानावरून न जाणारा माणूसच मिठाईच्या बाबतीत साधू असतो. त्या अर्थी शहराने सर्वांच्या वतीने संयम पाळावा, ही कल्पना चांगली आहे. तिने घरातल्या बायकांची किती रात्रींची धास्ती वाचते, हे मोजणं अवघड आहे. शिवाय ज्या राज्यात 1949 च्या कायद्याखाली मिळणारा पिण्याचा परवाना आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो, तिथे रहिवाशांनी आरोग्याची व्याख्या स्वतः केली तर बिघडलं काय? मात्र शहराचा संयम हद्दीपुरता असतो आणि हार्बरच्या लोकलने बेलापूर एकच स्टेशन आहे. दुसऱ्याने घातलेली बंदी आपला संयम होत नाही, हे वन विभाग दर पावसाळ्यात इथल्या पांडवकडा धबधब्याचा रस्ता अडवतो तेव्हा दिसतंच. मुदत माहीत असूनही लोक अडथळ्याला वळसा घालून जातात आणि प्रसंगी जीव गमावतात. म्हणून मोह दूर ठेवावा, तो जरूर ठेवावा. पण जो दूर ठेवता येत नाही, फ्रिजमध्येच राहतो, त्याच्यासाठी तारीख लागतेच.

तेव्हा पुढच्या वेळी साखर, मोबाईल, खरेदी किंवा राग यांपैकी काहीही सोडताना ‘कायमचं’ हा शब्द टाळावा. किती तारखेपर्यंत, ते ठरवावं. जमल्यास घरातल्या आणखी एकाला बरोबर घ्यावं आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, म्हणजे घरच्यांनाही आपली सुटका कधी आहे ते कळेल. तोवर दुसऱ्याच्या ताटाबद्दल मत देऊ नये. ठरलेला दिवस आला की जे सोडलं होतं ते मनापासून, उभ्याउभ्या नव्हे, पानावर बसून, न लपवता खावं. हवं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी तारीख टाकावी. वजन कमी होईल की नाही, हे सांगता येत नाही. घरातली भांडणं नक्की कमी होतील.